‘मुलं विसरतात हो’: पुरानंतर फिरणाऱ्या एका फॉरवर्डला उत्तर

कुठे दरड कोसळली, नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हमखास फिरतो. सार असं: मुलं लहान आहेत, लवकर विसरतात; त्यांच्यासमोर विषय काढू नका, रडू देऊ नका; काही दिवस नातेवाइकांकडे पाठवा; खेळायला लागली की सावरली समजा; मुळात खंबीर मुलं आपोआप उभी राहतात; उगाच डॉक्टरकडे नेऊन शिक्का मारून घेऊ नका. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. सल्ला मात्र जवळजवळ सगळाच उलटा आहे.

‘मुलं विसरतात.’ १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे शाळेच्या बसमधली २६ मुलं पळवून जमिनीत पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडली होती. सगळी जिवंत सुटली. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर चार-पाच वर्षांनी त्यांना पुन्हा भेटल्या, तेव्हा भेटलेल्या प्रत्येक मुलात त्या घटनेच्या खुणा शिल्लक होत्या.

‘खेळायला लागलं की सावरलं.’ इथे जरा थांबायला हवं, कारण हे वाक्य सगळ्यांत पटणारं आहे. २०१९ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या एका शाळेत तिसरीतला मुलगा मधल्या सुट्टीत नळाजवळ मातीचा ढीग करायचा, त्यावर खडूची रिकामी खोकी घरं म्हणून मांडायचा आणि बाटलीतलं पाणी ओतायचा. रोज तेच. एक खोकं शेवटी बुडायचं. दुसऱ्या पोरांनी पानाची होडी आणली, तर हा ती ढकलून द्यायचा. चेहऱ्यावर मजा नावाला नाही. टेर यांनी नेमका असाच खेळ नोंदवला आहे: तोच तो, गंभीर, सुटका नसलेला. त्याच्या बाईंनी खेळ बंद केला नाही. त्या शेजारी बसायच्या. एकदा सहज म्हणाल्या, ‘‘गच्चीवर कुणी आहे का रे?’’ बऱ्याच दिवसांनी गच्चीवर एक खडू उभा राहिला, मग होडी आली. मूल खेळतंय का एवढंच बघून भागत नाही, खेळ पुढे सरकतोय का ते बघायचं.

‘नातेवाइकांकडे पाठवा.’ दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनमध्ये मुलांची पाळणाघरं चालवली. त्यांना दिसलं ते असं की बाँबपेक्षा आईपासूनची ताटातूट मुलांना जास्त लागते. घरात चिखलच असेल तर मामाकडे जावंच लागतं. पण आई किंवा बाबा सोबत हवेत. परत कधी यायचं तेही मुलाला सांगा.

‘विषय काढू नका, रडू देऊ नका.’ पोर विचारतं, ‘‘आज्जे, पाणी परत येणार काय?’’ आजी म्हणते, ‘‘गप, शुभ बोल.’’ मूल गप्प होतं, प्रश्न मात्र आतच राहतो. लहान मुलं तर ‘मी हट्ट केला म्हणून असं झालं’ इथपर्यंत पोचतात. कुणी गेलं असेल तर ‘बाबा झोपलेत’ असंही सांगू नये. मग मुलाला स्वतःच्या झोपेचीच धास्ती बसते. आता याचं दुसरं टोक. मदतीला आलेले उत्साही लोक दुसऱ्याच दिवशी मुलांना गोल बसवून ‘काय काय पाहिलंत, सांगा’ म्हणतात. अशा एका बैठकीतल्या सक्तीच्या उजळणीने फायदा होत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका म्हणते. मुलाने विचारलं, की विचारलं तेवढंच, आणि खरं सांगायचं.

‘मुळात खंबीर मुलं आपोआप उभी राहतात.’ हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं माग ठेवला. गरिबी, व्यसन, भांडणं अशा घरांतली सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही नीट वाढली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे टिकून राहिलेलं एखादं भरवशाचं मोठं माणूस. आईवडीलच असं नाही. आजी, शिक्षक, शेजारीणसुद्धा.

राहिला ‘शिक्का’. पहिल्या काही आठवड्यांत अंथरुणात शू होणं, पत्र्यावर सर वाजली की दचकणं, आईचा पदर न सोडणं हे बऱ्याच मुलांत होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा रुळावर आली नसेल, तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा किंवा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि वडील गेलेलं मूल ‘मलाही बाबांकडे जायचंय’ असं म्हणालं, तर महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.