अळीचा वाटा

२०१७ साली शांघायच्या ‘पॉवर स्टेशन ऑफ आर्ट’मध्ये चिनी चित्रकार ली शान यांची चित्रं पाहिली, तेव्हा आधी अंगावर काटाच आला. हुआंगपू नदीकाठच्या जुन्या वीजकेंद्रातलं हे सरकारी संग्रहालय. भिंतीवर फुलपाखरं, चतुर, आणि त्यांच्या अंगाला माणसाची कातडी, माणसाचे अवयव. त्याच हंगामात अकोला जिल्ह्यातल्या अकोटहून बाबा फोनवर एकच सांगत होते: कपाशीचं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी.

ली शान यांचा जन्म १९४२चा. तोंडात फूल धरलेल्या माओच्या चित्रांनी ते गाजले, १९९३ साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात पोचले. त्याच चित्रांवर त्यांचं आयुष्य निघालं असतं. पण ते जनुकशास्त्राकडे वळले. त्यातून आलेल्या त्यांच्या एका चित्रमालिकेचं नाव ‘वाचन’. मला ते नाव फार नेमकं वाटतं. सगळ्या जिवांची मुळाक्षरं एकच, मग माणसाची ओळ किड्याच्या ओळीपेक्षा वरची कशी?

आमच्याकडे जनुकाची चर्चा म्हणजे बियाण्याच्या पाकिटाची किंमत, कंपनी आणि बंदी. बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणाला, भारतात २००२ साली परवानगी मिळाली, चीनमध्ये ती १९९७ पासून आहे. जून २०१९ मध्ये आमच्या तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणारं एचटीबीटी बियाणं उघडपणे पेरलं, तेव्हा आमच्या घरातही दोन तट पडले. काका म्हणायचे, निंदणाची मजुरी कोण देणार? दोन्ही तटांच्या बोलण्यात अळी मात्र फक्त शत्रू म्हणून यायची.

बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साधं, नॉन-बीटी बियाणं मिळायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं. त्यावर बीटीनं मरणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा विषाला पुरून उरलेल्यांशी संकर व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडावी, हा हिशेब. म्हणजे तो अळीचाच वाटा होता. बाबांनी तो कधी लावला नाही, गावात बहुतेकांनी लावला नाही, आणि का लावायचा हे शेतावर येऊन कुणी नीट समजावलंही नाही. अळी बदलत गेली. दोन-दोन बीटी जनुकांना ती पुरून उरली, आणि आम्ही बियाण्याला शिव्या देत राहिलो.

म्हणून चीनचं सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. २००९ साली तिथल्या कृषी मंत्रालयानं बीटी भाताला जैवसुरक्षेचं प्रमाणपत्र दिलं, तेही लोकांना न विचारता. आपल्याकडे बीटी वांग्यावर जाहीर सुनावण्या झाल्या. त्यातली एक नागपुरात होती, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये वांग्याला स्थगिती मिळाली. कितीही गोंधळ झाला तरी मंत्र्यासमोर उभं राहून शेतकरी बोलला. शांघायमध्ये राहताना त्या गोंधळाची किंमत मला रोज कळते. पण त्या गोंधळात ली शान यांच्यासारखा एखादा चित्रकारही उभा राहायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. भाव, नफा, बंदी यांच्या पलीकडे हा जीव आपला कोण लागतो, हे विचारणारा.

गेल्या दिवाळीत बाबांना मोबाइलवर ली शान यांचं एक चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला, दोन बोटांनी ते मोठं केलं, बराच वेळ पाहिलं.

“हे त आपलंच कातडं हाय,” ते म्हणाले.