यंदा आखाजीला मी माहेरी का गेले नाही

लग्नाला तेरा वर्षं झाली, एकही आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, चुकली नव्हती. यंदा चुकली. तिकडे अमळनेरकडच्या आमच्या गावी निंबाला झोका बांधलेला, बहिणी आलेल्या, गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. आणि मी इकडे जळगावात मांडीवर ससा घेऊन त्याच्या तोंडात सिरिंजने खाणं सोडत बसले होते. आई अजून रुसलेली आहे. नात्यातल्या बायका एकमेकींना विचारताहेत, "सशासाठी?" हो, सशासाठीच. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

बोंड्या चार वर्षांपासून आमच्या घरात आहे. पांढराशुभ्र, उमललेल्या कापसाच्या बोंडासारखा, म्हणून लेकाने ठेवलेलं नाव. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून धपधप आवाज आला. जाऊन बघते तर हा फरशीवर गडागडा लोळतोय. उठायला जायचा, उजव्या अंगावर पडायचा आणि लागोपाठ तीन-चार वेळा स्वतःभोवती फिरायचा. मान इतकी पिळलेली की एक डोळा फरशीकडे, दुसरा छताकडे. बुबुळं आडवी लटलट हलत होती, थांबतच नव्हती. लेक रडायला लागला. सासूबाई धावत आल्या, "याले कोनी नजर लागनी व माय?" म्हणत मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी अडवलं नाही. मलाही तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

इथल्या एका दवाखान्यात नेलं. टेबलावर ठेवल्याबरोबर तो पुन्हा लोळला. तिथले डॉक्टर म्हणाले, "मेंदूत गेलंय. वाचत नाही. इंजेक्शन देऊन सोडवून टाका, हाल नका करू." कानात डोकावून पाहिलं नाही, वजन केलं नाही, शेवटचं कधी खाल्लं तेही विचारलं नाही. दिवसभर गाई-म्हशी आणि बकऱ्या बघणाऱ्या माणसाला सशाचं सगळं ठाऊक असावं असा माझा हट्ट नाही. पण ठाऊक नसेल तर "मला सशाचा अनुभव नाही, दुसरीकडे दाखवा" एवढं म्हणावं. मरणाचा सल्ला असा दोन मिनिटांत देऊ नये. कारण घरी येऊन मी कोथिंबिरीची काडी तोंडाशी धरली, तर त्याने पडल्या पडल्या ती देठासकट खाल्ली. ज्याला खायचंय त्याला सोडवायचं कशातून?

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला संभाजीनगरला निघालो, ऊन चढायच्या आत अजिंठ्याचा घाट मागे टाकायचा म्हणून. गाडीत गोधडीचा खळगा केला, दोन्ही बाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या. अंगाला चहूबाजूंनी आधार मिळाला की तो लोळत नाही, हे मला त्या प्रवासात कळलं. पुढे महिनाभर हीच युक्ती उपयोगी पडली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पाऊण तास तपासलं. त्यांनी सांगितलं ते असं : सशाची मान अशी वाकडी होण्यामागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात. एक, कानाच्या आतल्या भागात जंतुसंसर्ग. दुसरं, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा अतिसूक्ष्म परजीवी. १९२२ साली सशांमध्येच तो पहिल्यांदा सापडला. सशाच्या लघवीतून त्याचे बीजाणू बाहेर पडतात, आईकडून पोटातल्या पिल्लाकडेही जातो. कितीतरी ससे तो अंगात घेऊन आयुष्यभर ठणठणीत राहतात. एखाद्याची प्रतिकारशक्ती कमी पडते आणि मेंदू, मूत्रपिंड किंवा डोळा यांपैकी कुठेतरी तो उचल खातो. रक्ताची तपासणीही फक्त संपर्क आलाय एवढंच सांगते, आजार त्याचाच आहे असं छातीठोक सांगत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी उपचार सुरू केले.

औषध ऐकून मी चकित झाले. फेनबेंडॅझोल. आपल्याकडे गुरा-बकऱ्यांना जंतासाठी देतात तेच. रोज एकदा, वजनावर मोजून, सलग २८ दिवस. चक्कर कमी व्हायला माणसांचंच मेक्लिझिन, सुजेसाठी मेलॉक्सिकॅम, कानासाठी सशाला चालणारं प्रतिजैविक. आणि एक ताकीद, जी मी इथे मुद्दाम लिहिते : घरात पोरांचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप सशाला पाजू नका. त्याच्या पोटातले उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि ससा जातो. डोसही फेसबुकवर विचारू नका, माझ्याकडून तर नाहीच. वजन करून डॉक्टरांनीच तो ठरवायचा असतो. घरात कुणाची केमोथेरपी चालू आहे का, हेही त्यांनी विचारलं, कारण प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसाला हा परजीवी क्वचित त्रास देऊ शकतो. आमच्याकडे तसं कुणी नव्हतं. तरी त्याचा लघवीचा ट्रे रोज उकळत्या पाण्याने आणि हात साबणाने धुण्याचा नेम आम्ही सोडला नाही.

पण औषध हा सोपा भाग होता. खरं काम पोटाचं. सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही तर आतडं मंदावतं, गॅस धरतो, आणि मूळ आजार बाजूला राहून ससा पोट बंद पडून जातो. म्हणून दर तीन-चार तासांनी भरवायचं. दिवसा आणि रात्री. पेलेट, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढायचे, त्यात वाटलेली कोथिंबीर. टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून मांडीवर घ्यायचं, सिरिंज समोरून न घालता ओठाच्या कडेने, पुढच्या दातांच्या मागे. एकदम दाबायची नाही, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया. एक थेंब, मग थांबायचं, त्याचा जबडा हलायला लागला की पुढचा थेंब. दहा मिली खाणं पोटात जायला वीस मिनिटं लागायची. लेकाने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लेंड्यांचा हिशोब ठेवला होता. पहिल्या रात्री फक्त सात, त्याही मिरीएवढ्या. पाचव्या दिवशी साठच्या वर, हरभऱ्याएवढ्या गोल. त्या दिवशी घरात सगळ्यांनी ती वही बघितली. सासूबाई रोज सकाळी दात घासायच्या आधी विचारायच्या, "त्याना पोटमा काही गयं का?"

शिवाय आपलं खानदेशचं ऊन. चैत्र-वैशाखात पारा ४३-४४ वर जातो हे तुम्हाला सांगायला नको. सशाला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो. तिशीच्या वर पारा गेला की धडधाकट सशालाही धोका, हा तर आजारी. कूलर दिवसरात्र चालू, वीज गेली की बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कुशीला. फरशीवर पाय घसरत म्हणून सगळ्या खोलीत गोणपाट अंथरलं. खालच्या बाजूचा डोळा नीट मिटत नव्हता, त्याला दिवसातून चार वेळा मलम.

आता लोक काय म्हणाले ते. "पाचशे रुपयांच्या सशाला इतके हजार?" हा हिशोबच मला मान्य नाही. पाचशे ही त्याला विकणाऱ्याची किंमत. त्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं म्हणजे आजारपण आमच्या अंगावर घेतलं. एका काकूंनी प्रेमानेच सुचवलं, "शेतात सोडून दे, मोकळा तरी होईल." काकू, आपल्या कपाशीत दिसतो तो रानससा वेगळा प्राणी आहे. बोंड्याची जात मूळ युरोपातली, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली. त्याला बांधावर सोडणं म्हणजे कोल्ह्या-कुत्र्याच्या पुढ्यात ठेवणं. ते मोकळं करणं नव्हे.

"त्याचे हाल करते आहेस" हा आक्षेप मात्र मी झटकून टाकला नाही. नवव्या रात्री त्याने गिळणं बंद केलं. भरवलेलं ओठाच्या कडेने बाहेर येत होतं. नवरा हळूच म्हणाला, "पुरे करूया का?" मी उत्तर दिलं नाही. मनाशी ठरवलं, सकाळी कोथिंबिरीकडेही तोंड फिरवलं तर डॉक्टरांना फोन करायचा आणि ते म्हणतील ते ऐकायचं. रात्रभर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. पाचच्या सुमारास काडी पुढे केली. आधी नुसतं नाक हललं. मग त्याने पान ओढलं. त्याने ते नाकारलं असतं तर मी त्याला जाऊ दिलं असतं, आणि तोही योग्य निर्णय ठरला असता. माझं म्हणणं एवढंच, की तो निर्णय सशाकडे बघून घ्यावा, त्याच्या वाकड्या मानेकडे बघून नव्हे. लोळणं बघायला भयंकर वाटतं, पण ती बरीचशी चक्कर असते, आणि चक्कर उतरते.

२८ वा दिवस आखाजीच्या तोंडावरच पूर्ण झाला. तेव्हा तो स्वतः खायला लागला होता, पण पोट भरण्याइतकं नाही, आणि माझ्याशिवाय कुणाच्या हातून सिरिंज घेत नव्हता. दोन दिवसांसाठी त्याला सोडून झोक्यावर बसणं मला जमलं नसतं. आई, तुझ्या हातची पुरणपोळी मी पुढच्या आखाजीला दोन जास्त खाईन.

आज मान अजून तिरकीच आहे, बहुधा तशीच राहील. घाईत वळला तर कलंडतो, उठतो, पुन्हा निघतो. भांड्यातून पाणी पितो. संध्याकाळी कूलरसमोर चारही पाय पसरून पडतो, वरचा डोळा आमच्याकडे लावून.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुणाच्या सशाची मान अशी वळली असेल तर आधी त्याला टॉवेलचा आधार द्या, खाणं थांबू देऊ नका, आणि ससे बघणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. भरवायचं कसं ते मी व्हिडिओ कॉलवर दाखवेन, नव्या सिरिंजही माझ्याकडे शिल्लक आहेत. रात्री मेसेज केलात तरी चालेल. पहाटे चारला मला अजून जाग येते.