शाळा भारी की कॉलेज? वाद रंगवण्याची खात्रीशीर पद्धत

गेल्या रविवारी आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. बॅच 1995. गावाबाहेरचं लॉन, माणशी दीड हजार, सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट आणि स्टेजमागे 'आठवणींच्या हिंदोळ्यावर' असा फ्लेक्स. जेवणाच्या वेळी करमणूक म्हणून एक वाद ठेवला होता: शाळेचे दिवस भारी की कॉलेजचे? तुमच्याही ग्रुपवर असलं काहीतरी शिजत असणारच. (कोणाच्या नाही?) तेव्हा ताज्या अनुभवातून चार सूचना देते. उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, 'बॅच' कोणाला म्हणायचं ते आधी पक्कं करून घ्या. दहावीला गचकलेल्यांना ग्रुपमध्ये घेऊ नका, शाळेबद्दल भलतंसलतं बोलतात. आमच्या वर्गातला एक जण गणितात दोनदा अडकला आणि तिसऱ्यांदा त्याने फॉर्मच भरला नाही. त्याचं पंक्चरचं दुकान त्या लॉनपासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्यातल्या तिघांनी येताना त्याच्याकडेच हवा भरून घेतली. आत चल, असं कोणी म्हटलं नाही. टी-शर्ट मोजूनच आणले होते ना.

शाळेच्या बाजूने बोलणाऱ्याने मार आवर्जून सांगावा. ओला फोक, डस्टर, बोटांत पेन्सिल घालून पिळणं. जेवढा मार जास्त तेवढ्या टाळ्या जास्त. मग ज्या सरांनी मारलं त्यांनाच शाल-श्रीफळ देऊन, पायावर डोकं ठेवून, "सर, तुमच्या छडीमुळे घडलो" म्हणावं. सरांना आपलं नाव आठवत नाहीये असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं की फोटो काढून खाली उतरावं.

कॉलेजवाल्यांनी कट्टा, कटिंग, कॅन्टीन आणि साडी डे एवढ्यावर निभावून न्यावं. लेक्चरचा उल्लेख फक्त बंकपुरता.

बायकांनी कोणत्याच बाजूने बोलू नये. आम्हाला फेटे बांधून स्वागताला उभं केलं होतं, तेवढा मान पुष्कळ झाला. मुलांच्या रांगेकडे बघितलं म्हणून कोणाची शाळा बंद झाली, साडेपाचची एसटी चुकली की घरी काय ऐकावं लागायचं, असले विषय काढले की जेवण जात नाही लोकांना.

"आमच्या वेळी अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष!" हे वाक्य माइकवरून किमान तीनदा आलंच पाहिजे. आमच्याकडे पाचदा आलं. पाच जणांपैकी चौघांची मुलं या घडीला अकरावी-बारावीला आहेत, आणि त्या चौघांपैकी एकाच्याही मुलाला रविवारी सकाळी नऊनंतर झोपलेलं कोणी पाहिलेलं नाही.

आता मुख्य सूचना. एवढं करूनही वाद रंगत नसेल तर नव्या पिढीला बोलतं करा. कोणाचं तरी लेकरू कोपऱ्यात एकटं जेवत बसलेलं असतंच. त्याच्या हातातलं ताट बाजूला ठेवायला लावून माइक द्यावा आणि लाडाने विचारावं, "काय मग बेटा, कॉलेज लाइफ काय म्हणतंय? शाळा भारी की कॉलेज?"

ते लेकरू माझं होतं. बारावी सायन्स. मी तिला ओढूनच आणलं होतं, कारण तिची रविवारची टेस्ट एकदाची दुपारी बाराला सुटली होती. तिने हात पुसला, माइक घेतला आणि म्हणाली, "काका, मी कॉलेजला तीनदाच गेलेय."

लॉन हसून लोळायला लागलं. "आईवर गेली!" कोणीतरी शिट्टी मारली. तिला कळेना, लोक हसतायत का. ती आपली मन लावून हिशोब सांगत होती. एकदा ॲडमिशनला, एकदा आयकार्डाच्या फोटोला आणि एकदा प्रॅक्टिकलला. तोपर्यंत निवेदकाने माइक काढून घेतला होता. "वा, क्या बात है!" म्हणाला आणि अंताक्षरी सुरू केली.

इंटिग्रेटेड म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको: नाव कॉलेजात, शिकणं क्लासात. आपण सगळे त्याच रांगेत उभे होतो. दोन पावत्या, एक कॉलेजची, एक क्लासची, आणि दुसरीवरचा आकडा बघून नवऱ्याने चष्मा पुसला होता. 2025 साली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया अख्ख्या राज्याला लागू झाली. 21 मेला संकेतस्थळ सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी बसलं. पुढे केव्हातरी उठलं. दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे होते, मला वाटलं लेकीबरोबर बसून भरावेत, कुठे ग्राउंड आहे, कुठे लायब्ररी चांगली आहे ते बघावं. क्लासच्या ऑफिसातली मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मॅडम, पहिलं हेच टाका. हजेरीचं आम्ही बघतो." टाकलं. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे म्हणे. विज्ञानाच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करून सरकारला बरीच वर्षं झाली, 2018 मध्येच केली. माझ्या लेकीचा अंगठा त्या यंत्राने अजून पाहिलेला नाही, आणि हजेरी मात्र भरते आहे. अंगठ्याशिवाय हजेरी! पूर्वी याला बंक म्हणायचे, पण बंक मारायला आधी कॉलेजच्या गेटपर्यंत तरी जावं लागायचं हो.

आणि ते प्रॅक्टिकल. केमिस्ट्रीचं टायट्रेशन होतं, म्हणजे ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून फ्लास्कमध्ये थेंबथेंब द्रावण सोडायचं, रंग बदलेपर्यंत. डाव्या हाताने ब्युरेटचा कॉक फिरवायचा आणि उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहायचा, एवढी साधी गोष्ट. ती तिने मोबाइलवर तीनदा बघितली होती आणि हाताने एकदाही केली नव्हती. तिने दोन्ही हातांनी ब्युरेट घट्ट धरली. फुटली तर भरून द्यावी लागेल, अशी भीती. लॅबमधले सर म्हणाले, "राहू दे, रीडिंग फळ्यावर लिहिलंय, तेच उतरव." तिने उतरवलं. रंग बदलताना कसा दिसतो, हे मी तिला घरी आल्यावर विचारलं. "फळ्यावर नव्हतं लिहिलेलं," म्हणाली.

बोर्डाला केमिस्ट्रीत 70 गुण लेखीचे, 30 प्रॅक्टिकलचे. त्या तिसांची ही गत. बाकीचा वेळ कशाला जातो? डीपीपीला, म्हणजे क्लासच्या रोजच्या सरावप्रश्नांना. नीटला, त्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, 180 मिनिटांत 180 प्रश्न, चुकला की एक गुण वजा. म्हणून ही मुलं जेवतानासुद्धा मिनिट मोजतात. रविवारी टेस्ट, सोमवारी रँक आईबापांच्या मोबाइलवर, आणि दर महिन्याला मार्कांप्रमाणे बॅच बदलते. तिची एक मैत्रीण झाली होती जूनमध्ये. डबा वाटून खायच्या. ती वरच्या बॅचला गेली, त्या बॅचची सुट्टी वेगळ्या वेळी होते. संपलं. आता मला सांगा, हिने 2057 साली गेट-टुगेदर करायचं तर कोणाबरोबर करायचं? गोल रंगवायच्या ओएमआर शीटबरोबर?

बरं, कॉलेज नाही तर नाही, शाळा तरी होती का तिला? आठवीपासून फाउंडेशन, म्हणजे प्रवेशपरीक्षेच्या पायाभरणीचा क्लास. शाळा सुटली की डबा रिक्षात. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासला घेऊ नये, अशा सूचना केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये काढल्या. त्या वेळी ती नववीत, क्लासमध्येच बसली होती. मी बातमी वाचून दाखवली तर म्हणाली, "आई, थांब ना, लेक्चर आहे." नववीचं गॅदरिंग तिने सोडलं, कारण त्या आठवड्यात क्लासची मॉक टेस्ट होती. नाचात घेतलं होतं तिला. घागरा शिवून आला होता. कपाटात आहे अजून, टॅगसकट.

आणि त्या पोरीच्या हातात माइक देऊन विचारता, शाळा भारी की कॉलेज? उपाशी माणसाला कोणी विचारतं का, बासुंदी आवडली की श्रीखंड?

तुम्हाला राग आला तर येऊ द्या. हसलेल्यांपैकी एकानेही तिला पुढचा प्रश्न विचारला नाही. शिट्टी मारणाऱ्याचा मुलगा तर गेल्या वर्षभरात कॉलेजच्या गेटमध्येही शिरलेला नाही, आणि तो बाप स्टेजवर कॅन्टीनच्या समोशाचं वर्णन करत होता. आपल्याला दोन्ही मिळालं. फुकट मिळालं, वर अकरावी आरामात घालवली. आपल्या मुलांच्या वाट्याचं आपणच हप्त्याहप्त्याने विकलं, आणि वर पुन्हा त्यांनाच विचारतोय मजा कशी होती. लाज वाटायला पाहिजे. मलाही. दुसऱ्या पावतीवर सही माझीच आहे, नवऱ्याची नाही. "एकदा नंबर लागला की पुढे मजाच मजा" हे तिला मीच सांगितलं, आणि पुढच्या साडेपाच वर्षांत एमबीबीएसवाल्यांची काय मजा असते ते मला चांगलं माहीत आहे. शेजारीच राहतो एक. डोळे बघा त्याचे.

डिसेंबरात पुन्हा भेटायचं म्हणून ग्रुपवर विषय मागवलेत. मी एकच लिहिलं: पुन्हा माझ्या पोरीचं ताट काढून घेऊ नका. परत आली तेव्हा जिलबी संपली होती, मठ्ठा गरम झाला होता, आणि साडेतीनला तिचं डाउट सेशन होतं.

खाली सतरा जणांनी अंगठा दाखवलाय.