खेळाडूवर क्रश असेल तर एवढं कराच

खेळाडूवर जीव जडलाय? अभिनंदन! आता मागे हटू नका. फक्त काही पथ्यं पाळा.

पहिलं पथ्य, खेळ समजून घ्यायच्या फंदात अजिबात पडू नका. उगाच लक्ष विचलित होतं. पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलला नीरज चोप्राच्या सहापैकी पाच फेकी फाउल गेल्या. माझा जीव त्या रेषेपाशी टांगलेला आणि शेजारच्या खुर्चीतून दर फेकीला एकच प्रश्न, "केस कापले का गं याने?" एकुलती एक वैध फेक ८९.४५ मीटर गेली, रौप्यपदकही आलं, तरी केसांचा निकाल काही लागला नव्हता.

त्याचा उल्लेख कायम "माझा" असा करा. आडनाव परक्यांसाठी असतं.

लग्नाची मागणी घालायचीच असेल तर ऐन सर्व्हिसच्या वेळी, अख्खं स्टेडियम चिडीचूप असताना घाला. १९९६ च्या विम्बल्डनला, सेमीफायनलमध्ये, एकाने स्टेफी ग्राफला अशी घातली होती. तिने उलट विचारलं, "पैसे किती आहेत तुझ्याकडे?" आणि लागली खेळायला. (त्या गृहस्थांचं पुढे काय झालं कोण जाणे, पण तुमचं काय होईल ते मी सांगू शकते.)

स्वतःचं आणि त्याचं वय शेजारी शेजारी लिहून बघू नका.

आता मुख्य पथ्य. त्याचं लग्न झालं, की त्याच्या बायकोला अजिबात सोडू नका. नवरा तिचा असला म्हणून काय झालं, रात्र रात्र जागून त्याचे रील तुम्ही बघितलेत! तेव्हा तिची उंची, रंग, दात, साडी, सगळं तपासा. ती हसली तर नाटकी, नाही हसली तर माजोरडी. सामना बघायला आली तर दिखाऊ, नाही आली तर "बघा, साथसुद्धा देत नाही". आणि तो हरला, की झालंच! पनवती कोण ते सांगायला तुम्ही तिच्या फोटोखाली सगळ्यात आधी हजर.

हे मला सुचलेलं नाही. परवा माझ्या मैत्रिणीने मोठ्या कौतुकाने स्वतःची कमेंट दाखवली. "आमच्या हिऱ्याला कोळसा मिळाला." खाली हसऱ्या तोंडांची ही रांग! एम.ए. झालेली बाई. स्वतःच्या मुलीला कोणी सावळी म्हटलं तर भांडायला उठणारी. मी म्हटलं, अगं, हे काय? तर म्हणे, "प्रेम आहे गं, कळायचं नाही तुला."

नाहीच कळत. २०१५ च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला सिडनीत विराट कोहली १ धाव काढून आऊट झाला आणि शिव्या कोणाला? स्टँडमध्ये बसलेल्या अनुष्का शर्माला! स्कोअरकार्ड काढून बघा, झेल हॅडिनचा, गोलंदाज जॉन्सन. अनुष्काचं नाव मला तरी कुठे सापडलं नाही. लग्नसुद्धा झालं नव्हतं तेव्हा त्यांचं. शेवटी २०१६ मध्ये त्याला स्वतःला लिहावं लागलं, की लाज वाटू द्या. कोणाला वाटली?

आणि "प्रेम आहे गं" म्हणे! ३० एप्रिल १९९३ ला हॅम्बुर्गमध्ये भर कोर्टवर तेव्हाची नंबर एक टेनिसपटू मोनिका सेलेस हिच्या पाठीत सुरा खुपसला, तो माणूसही स्टेफी ग्राफचा चाहताच होता. स्टेफी परत नंबर एक व्हावी, एवढंच त्याचं "प्रेम". सेलेस १९ वर्षांची होती. दोन वर्षांहून जास्त काळ कोर्टवर उतरली नाही. त्याला तुरुंगवासाऐवजी निलंबित शिक्षा झाली. तू सुरा घेऊन निघालेली नाहीस, मला माहीत आहे. पण आवडत्या माणसासाठी तिसऱ्याच बाईला दुखवायचं आणि वर त्याला प्रेम म्हणायचं, हे तुझंही चाललंय.

आवडू दे ना तो, कोण नको म्हणतंय? मलाही एक आवडतो, नाव सांगणार नाही. पण त्या मुलीने तुझं काय घोडं मारलंय? तिने तुझ्याकडून काहीही हिसकावलेलं नाही, कारण तो तुझा कधी नव्हताच. तुझं नावसुद्धा त्याला ठाऊक नाही. तिच्या आईच्या हातातही मोबाइल असेल गं, तीही वाचत असेल ते कोळसा वगैरे.

मोबाइल काढ. ती कमेंट पुस. नंतर नाही, आत्ता, माझ्यासमोर.