राजकारणावर खुशाल भांडा, पण समोरच्याचा विश्वास मोजू नका

"चर्चमध्ये राजकारण नको" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि आता स्पष्टच सांगते, मला ते पटत नाही. राजकारण मंडळीत, म्हणजे चर्चच्या आपल्या समाजात, आहेच. उपासना संपली की चहाचा कप हातात घेऊन गेटजवळ उभं राहून होतं, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं, इलेक्शन आलं की पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, मीटिंगमध्ये सुद्धा कुजबुजत होतं. फक्त जिथे सगळे समोरासमोर बसलेत, एकमेकांची तोंडं दिसतायत, तिथे ते करायचं नाही असा आपला अलिखित नियम आहे. त्यामुळे होतं काय, की कुणाला वादाची सवयच राहिलेली नाही. ग्रुपवर एखादा विषय निघतो आणि चौथ्या पाचव्या मेसेजला मूळ मुद्दा कुठेतरी पडलेला असतो आणि गाडी येते "तू खरा ख्रिस्ती आहेस का" यावर. मग कुणीतरी ग्रुप सोडतं, कुणीतरी लगेच बायबलच्या वचनाचा फोटो टाकतं, ॲडमिन ग्रुप लॉक करतो, आणि रविवारी दोन कुटुंबं एकमेकांकडे न बघता वेगवेगळ्या दाराने बाहेर पडतात.

एकच विषय घेते, कारण हा आपल्या घरातला आहे. अनुसूचित जातींचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाने आधी फक्त हिंदू दलितांना अनुसूचित जातीत धरलं, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये सांगितलं की धर्माची अट काढून टाका, पुढे काही झालं नाही, २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली परत नवा आयोग. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुदुच्चेरीच्या एका बाईंच्या केसमध्ये सांगितलं की बाप्तिस्मा झालाय, चर्चला जाता, तर फक्त आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेता येणार नाही, ती संविधानाची फसवणूक आहे. २०२५ मध्ये आंध्र हायकोर्टाने एका पास्टरच्या तक्रारीत म्हटलं की ख्रिस्ती झाल्यावर ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

आता नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडळीत हे दोन निकाल नुसते वाचून दाखवा आणि बघा काय होतं ते. कारण कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर धर्म एक लिहिलाय आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये दुसरा आहे. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच मोठ्याने बोलत नाही. आणि बोललंच तर ते असं, "सवलतीसाठी प्रभूला नाकारलंत." किंवा दुसऱ्या बाजूने, "तुम्हाला शहरात बसून काय कळणार, तुम्ही मिशन कंपाउंडमधले साहेब लोक." दोन्ही वाक्यं मी कानांनी ऐकलीयेत, आणि दोन्ही ऐकताना पोटात तुटतं, कारण बोलणारे दोघंही त्याच बाकावर बसून तीच रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात.

आमच्याच घरात हा वाद झाला, माझे मामा आणि माझ्या मावसबहिणीचा मुलगा यांच्यात. मामा रिटायर्ड शिक्षक, चर्चचे जुने पंच. त्यांचं म्हणणं सरळ आहे, ख्रिस्तात जात मेली, आपल्या आजोबांनी ती सोडायला एवढं सोसलं, आता कागदासाठी परत तीच अंगाला लावून घ्यायची का. पोरगा लॉ करतोय. तो म्हणाला, "मामाआजोबा, जात आपण सोडली, गावाने कुठे सोडली? बौद्धांनी धर्म बदलला तरी त्यांच्यावरचा अन्याय कायद्याला दिसतो, मग आपल्यावरचा का दिसत नाही?" आवाज चढायला लागले होते, मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. आणि मग मामांनी एक गोष्ट केली जी मी आजपर्यंत कुठल्या मीटिंगमध्ये पाहिली नाही. म्हणाले, "थांब बाळा. तुझं म्हणणं मी सांगतो, बरोबर सांगतोय का बघ." आणि त्यांनी त्या पोराचा मुद्दा सांगितला, परिच्छेद तीनसकट, कुठेही वाकडा न करता. पोराने दोन ठिकाणी दुरुस्ती केली, मामांनी ती घेतली. मग पोराने मामांचं म्हणणं सांगायचा प्रयत्न केला आणि त्याला जमेना, तीनदा अडखळला, कारण त्याने ते कधी नीट ऐकलंच नव्हतं.

त्या दिवशी मामांनी आम्हाला कुणालाच माहीत नसलेली गोष्ट सांगितली. पहिली नोकरी लागली त्या गावात एका घरी त्यांना चहाला बोलावलं होतं, मी ख्रिस्ती आहे असं त्यांनी सांगितलं होतं, तरी त्यांचा कप वेगळा आला, कान तुटलेला, आणि प्यायल्यावर तो त्यांनाच विसळायला सांगितला. एवढं सांगूनही मामांचं मत तेच आहे बरं का. ते म्हणतात त्या कपामुळेच मला ती जात कुठल्याही कागदावर परत नकोय. पोराचं मतही तेच आहे, तो म्हणतो त्या कपाची नोंद सरकारदरबारी व्हायलाच पाहिजे. मला स्वतःला पोराचं जास्त पटतं, धर्म बघून संरक्षण द्यायचं की नाही ठरवणं हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. पण मामांचा विश्वास कच्चा आहे किंवा ते साहेबी थाटाचे आहेत असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

आणि हा विषय आपल्याकडे नवीन आहे असंही नाही. गलतीकरांच्या पत्रात पौलाने पेत्राला अंत्युखियात सगळ्यांसमोर सुनावलंय. विषय काय होता? पंगत. परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवणारा पेत्र याकोबाकडची माणसं आल्यावर बाजूला सरकला. म्हणजे कुणाबरोबर जेवायचं या प्रश्नावर मंडळीतले दोन मोठे खांब भर सभेत भिडले. पौलाने शब्द मऊ केले नाहीत, ढोंग म्हणायचं तिथे ढोंगच म्हटलं. पण पेत्र प्रेषित नाहीच असं तो कुठे म्हणाला नाही, आणि मागून कुजबुजलाही नाही, तोंडावर बोलला.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला, आणि दोनच वर्षांत त्या तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डीनना पत्रातून सरळ विचारायला लागल्या, त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या देवपणाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. सिस्टरनी त्यांच्यावर गर्वाचा आरोप केला, तो फार लागेल असा होता, आणि वाचताना मला सिस्टरचा रागही येतो, कारण एका परदेशी विधवेवर त्यांचं वजन किती होतं हे त्या विसरत होत्या. तरी पत्रं थांबली नाहीत, पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. आणि त्या कॉलेजच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील होत्या, त्यांनी शंकांवर दटावण्यापेक्षा शंकांशी बोलणं पसंत केलं. आपल्या तरुण संघातल्या पोरापोरींना आज असं कोण मिळतं?

उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपली सीएनआय, अनेक चर्चेस एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला झाली तीही अशीच. बोलणी १९२९ पासून चालू होती. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, मेथडिस्ट, युनायटेड चर्च, सहा वेगवेगळ्या परंपरा. बाळाचा बाप्तिस्मा करायचा की कळत्या वयात, यावर एकमत झालंच नाही, म्हणून दोन्ही ठेवले. मेथडिस्टांचंच दुसरं एक चर्च, मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया, शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिलं, त्यांच्याशीही नंतर संबंध तुटले नाहीत. प्रॉपर्टीच्या केसेस पुढे झाल्या ते वेगळं दुखणं आहे. पण बाप्तिस्म्यासारख्या विषयावर जर दोन मतं एका छताखाली राहू शकतात तर कुणाला मत दिलं यावरून आपण एकमेकांना प्रभूभोजनाला नकोसे का व्हावेत?

एक गोष्ट मात्र मला ठासून सांगायचीये. सभ्यपणे बोला हे नेहमी ज्याला लागलंय त्यालाच सांगितलं जातं, ते बंद करा. ज्याच्या घरातली प्रार्थनासभा जमाव येऊन बंद पाडतो त्याचा आवाज चढणारच, त्याने शांत बसून मुद्देसूद बोलावं ही अपेक्षा करणाऱ्याने आधी त्याच्या शेजारी जाऊन बसावं. झारखंडमध्ये आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे आणि एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच मुंबईत वारले, ८४ वर्षांचे, पार्किन्सनमुळे ग्लास धरता येत नव्हता म्हणून सिपर मागावा लागला होता. फादरनी त्या कामात पडावं का यावर आपल्यात मतभेद असू शकतात, होते, मी ते ऐकलेत. पण त्याच दिवशी ख्रिस्ती ग्रुपवर "राजकारणात पडलं की असंच होतं" असं लिहिणं हे मत नाही, तो निर्दयपणा आहे आणि त्याला तिथल्या तिथे तसं म्हणायला हवं.

पाळक साहेबांनाही हात जोडून विनंती. पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, राजकीय मत सांगू नका असं मी म्हणत नाही, अन्यायावर तर बोललंच पाहिजे. पण पुलपिटसमोर बसलेल्याला उत्तर देता येत नाही, हे लक्षात ठेवा. जे बोलाल त्यावर उपासनेनंतर हॉलमध्ये तासभर बसा, ज्याला पटलं नाही त्याला आधी बोलू द्या, महिला मंडळातल्या बायकांना शेवटी चहा वाटायला न ठेवता सुरुवातीलाच बोलवा.

आमच्या मंडळीत मी पुढच्या महिन्यात १९५० च्या आदेशावर अशी बैठक घ्यायची असं कमिटीला लेखी दिलंय. मामा एका बाजूने बोलणार आहेत, भाचा दुसऱ्या बाजूने, आणि प्रत्येकाने आधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं सांगायचं, मगच स्वतःचं, एवढा एकच नियम ठेवलाय. मोबाईल बाहेर, रेकॉर्डिंग नाही, कारण दाखल्याचा विषय निघणार आणि कुणाच्या घरावर ते उलटायला नको. कमिटीतल्या दोघांचा विरोध आहे, त्यांना भेटायला मी गुरुवारी जातेय. वसई, सोलापूर, जालना, कुठल्याही मंडळीत किंवा पॅरिशमध्ये असं काही कुणी केलं असेल तर कसं चालवलं, कुठे अडलं, ते मला सांगा. कॉमेंटमध्ये नको वाटलं तर इनबॉक्समध्ये लिहा.