नुसतं ‘आय-७’ ऐकून कॉम्प्युटर घेऊ नका

सांगली-मिरजेतल्या पालकांच्या आणि दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आय-३, आय-७ हे इंटेल कंपनीचे प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. मेसेजचा सारांश असा: आय-७ तो आय-७च, नव्या आय-३ वर पैसे घालवू नका, गिगाहर्ट्झ जास्त तो प्रोसेसर फास्ट, एएमडी (इंटेलची स्पर्धक कंपनी) तापतो, त्यापासून लांब राहा, जुन्या आय-७ वर विंडोज ११ टाकून मिळतं, म्हणजे पुढची चिंता मिटली. लोक चांगल्या मनानं तो पुढे पाठवतात. पण त्या भरवशावर कुणी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी, कुणी स्टुडिओसाठी साठवलेले पैसे मोजतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आय-७ तो आय-७च.’ आय-३, आय-५, आय-७ ही एकाच पिढीतली उतरंड आहे. पिढी बदलली की ती तुलना संपली. सेकंडहँड बाजारात ‘आय-७’ म्हणून जे मशीन सर्रास मिळतं, त्यात बऱ्याचदा आय-७ २६०० असतो. हा प्रोसेसर २०११ सालचा, इंटेलच्या दुसऱ्या पिढीतला. त्याच्यासमोर २०२२ चा आय-३ १२१०० ठेवा. दोघांनाही ४ कोअर (काम करणारे भाग), ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). जुन्याचा बेस क्लॉक, म्हणजे मूळ वेग, ३.४ गिगाहर्ट्झ, नव्याचा ३.३. कागदावर जुना किंचित सरसच दिसतो. प्रत्यक्षात एका कोअरच्या कामात नवा आय-३ जवळपास दुप्पट वेगानं चालतो आणि सगळे कोअर कामाला लावले तर दुपटीच्याही पुढे जातो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी त्या जुन्या आय-७ ची गत झाली आहे.

पिढी ओळखणं सोपं आहे. इंटेलच्या अशा डेस्कटॉप प्रोसेसरच्या मॉडेल नंबरातले शेवटचे तीन आकडे झाका. २६०० मधले झाकले तर उरतात २, म्हणजे दुसरी पिढी. १२१०० मधले झाकले तर १२, म्हणजे बारावी. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर जाऊ नका. काचेचं नवं कॅबिनेट आणि आत रंगीत दिवे असले तरी मदरबोर्ड (ज्यावर प्रोसेसर बसतो ती पाटी) दुसऱ्या पिढीच्या काळातल्या जुन्या एच६१ चिपसेटचा असू शकतो. मशीन सुरू करायला लावा, स्टार्टवर राइट क्लिक करून ‘सिस्टीम’ उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव तिथे लिहिलेलं असतं.

‘गिगाहर्ट्झ जास्त तो फास्ट.’ वर दिलेली जोडी हेच खोडून काढते, पण हा गैरसमज इतका मुरलाय की कारणही सांगायला हवं. मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवताना हमालानं किती फेऱ्या मारल्या एवढंच मोजून भागत नाही. एका फेरीत किती पोती नेली तेही बघावं लागतं. गिगाहर्ट्झ म्हणजे फक्त फेऱ्या, सेकंदाला किती ठोके पडतात ते. आय-७ २६०० चा कोअर एका ठोक्यात जास्तीत जास्त साधारण ४ सूचना उलगडतो, आय-३ १२१०० चा ६. रांगेतल्या पुढच्या सूचना आधीच हाती घेऊन ठेवण्याची जागा जुन्यात १६८ सूचनांची, नव्यात ५१२ ची. शिवाय जुना डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमवर अडकलेला, तर नव्याला डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात. हा धडा तर इंटेलनं स्वतःच पूर्वी गिरवलाय: २००४ मध्ये पेंटियम ४ ला ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत नेलं आणि २००६ मध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओनं त्याला सहज मागे टाकलं.

व्हिडिओच्या कामात हा फरक डोळ्यांना दिसतो. यूट्यूब आता बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ फॉरमॅटमध्ये पाठवतं. आय-३ १२१०० च्या अंगच्या ग्राफिक्समध्ये हे दोन्ही उलगडायची सोय आहे. आय-७ २६०० मध्ये ती नाही, त्यामुळे सगळा भार कोअरवर पडतो. फोर-के क्लिप लावली की पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळतं. लग्नाचं शूटिंग फोर-केत करणाऱ्या स्टुडिओवाल्यानं हे आधी तपासावं. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका, घेतलात तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घालावंच लागेल.

‘एएमडी तापतो.’ हे बोलणं एएमडीच्या जुन्या एफएक्स प्रोसेसरांच्या काळातलं. २०१३ चा एफएक्स-९५९० खरोखरच २२० वॉटचा होता (वॉट जास्त तर उष्णता जास्त). २०१७ मध्ये एएमडीचा रायझन आला आणि चित्र पालटलं. रायझन ५ ५६००जी ला ६ कोअर, १२ थ्रेड आहेत आणि तो ६५ वॉटचा आहे; आय-७ २६०० मात्र ९५ वॉटचा. उलट २०२४ मध्ये अस्थिरतेची मोठी तक्रार आली ती इंटेलच्याच १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबद्दल. कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. कंपनीचं नाव बघून नव्हे, मॉडेल बघून ठरवा. ५६००जी घेणार असाल तर रॅमची एक १६ जीबीची कांडी न लावता ८-८ च्या दोन लावा. त्याचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं, आणि एकाच कांडीवर ते अर्धपोटी राहतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र खरी आहे: जुनं मशीन स्वस्त पडतं. मराठी टायपिंग शिकायचं असेल, एमएस-सीआयटीचा सराव करायचा असेल, तर एसएसडी (वेगवान डिस्क) घातलेला जुना आय-७ पुरतो. तिथे नव्यावर जास्त पैसे घालायची गरज नाही.

पण ‘विंडोज ११ टाकून मिळतं’ यावर विसंबू नका. इंटेलमध्ये विंडोज ११ ला अधिकृत मान्यता साधारण ८व्या पिढीपासून आहे, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. दुसऱ्या पिढीच्या मशीनवर तपासणीला बगल देऊन ते बसवता येतं, हे खरं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवरून जीएसटी भरायचा, बँकेत लॉगिन करायचं, ते असं असू नये. दुकानदार ‘विंडोज ११ आहे’ म्हणाला तर इंटेल प्रोसेसरची पिढी विचारा, आणि ती आठच्या आत निघाली तर व्यवहार तिथेच थांबवा.