उमेदवाराचा देव आणि आपलं मत

आमच्या प्रभागात एका इच्छुकाचा फ्लेक्स लागलाय. कपाळभर अष्टगंध, जोडलेले हात आणि खाली मोठ्या अक्षरात 'धर्मरक्षक'. पाणी, गटार, रस्ता, कशाचाच पत्ता नाही. शेजारी अष्टविनायक यात्रेच्या मोफत बसची जाहिरात: आधारची झेरॉक्स द्या, सीट मिळवा. (झेरॉक्स कशाला हवी, हे न कळण्याइतके आपण दूधखुळे नाही.)

उमेदवार देव मानतो का, कुठला मानतो, हा मत देण्याचा निकष असूच नये असं माझं मत आहे. आमदाराला शपथ ईश्वरसाक्ष घेता येते, तशीच ईश्वराचं नाव न घेताही. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं विचारतात. श्रद्धेचा रकाना नाही. १९४९ साली संविधान सभेत ह. वि. कामतांनी उद्देशिका ईश्वराच्या नावाने सुरू करा म्हणून सूचना मांडली. रीतसर मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८ ने ती पडली. पाडणारे सगळे काही नास्तिक नव्हते.

कायदाही आहेच. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभूंची आमदारकी गेली, १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. पुढे त्याच प्रचारातल्या भाषणांमुळे बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकार सहा वर्षं काढून घेतला गेला. पण कायदा उमेदवाराच्या तोंडाला लगाम घालतो. बटण दाबताना आपल्या डोक्यात काय असतं, त्याला तो काय करणार?

"श्रद्धाळू माणूस निदान पापाला तरी भितो," असं आमचे काका म्हणतात. काका, तुरुंगवारी करून आलेल्या किती पुढाऱ्यांच्या हातात गंडेदोरे नव्हते? उलट पंढरपूरच्या शेजारी, वारकऱ्यांच्या पट्ट्यात, सांगोल्याने डाव्या विचारांच्या शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिलं. अंतुल्यांची मुख्यमंत्रिपदाची खुर्चीही सिमेंट घोटाळ्याच्या प्रकरणात गेली, धर्मामुळे नाही.

एक गोष्ट मात्र मी जरूर विचारेन. तुमची श्रद्धा सभागृहात माझ्यासाठी काय ठरवणार? जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं रखडलं. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. इतकी वर्षं आपापले आमदार त्यावर काय बोलत होते, की गप्पच बसले होते, हे मत मागायला आल्यावर त्यांना कितीजणांनी विचारलं?